आधी पेंड, मग गळ

पहाटे ४.३०

गळ टाकायला शिकायचं म्हणून आलेला माणूस आधी काठीची चौकशी करतो. माझा भाचाही तसाच. यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला आहे, सुट्टीच्या दिवशी काय करावं कळत नाही म्हणून मोबाईलवर विलायती लोकांचे माशाचे व्हिडिओ बघत बसतो. त्याच्या डोक्यात कार्बनची काठी, दोन रिळं आणि मासा लागला की वाजणारी घंटी असं सगळं बसलेलं. मी त्याला काल संध्याकाळी मंगळवार पेठेत पाठवलं आणि शेंगदाण्याची दोन किलो पेंड आणायला सांगितली. काठी माझ्याकडे आहे.

आता साडेचारला तो डोळे चोळत ओट्यापाशी उभा आहे आणि पेंड तव्यावर फिरतेय. करपू द्यायची नाही, नुसता खमंग वास सुटला की उतरवायची. गार झाली की कुटून चाळायची. चाळणीखाली पडलेला बारीक भुगा आमिषाला, वर राहिलेली जाड भरड चाऱ्याला. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे नव्या माणसाला पहिल्या दिवशीच कळलं पाहिजे. चारा म्हणजे माशांना एका जागी गोळा करण्यासाठी पाण्यात टाकायचं खाणं, आणि आमिष म्हणजे गळाला लावायचा गोळा.

भुग्यात तेवढीच कणीक, मूठभर रवा, चिमूटभर हिंग. पाणी हाताने शिंपडत मळायचं. मग कापसाचा एक पेळू घेऊन तो पिंजून, अगदी विरळ करून त्यात मळत जायचा. ह्या कापसाच्या तंतूंमुळे गोळा पाण्यात लवकर विरघळत नाही आणि गळावरून सुटत नाही. "मामा, कापूस आपल्याकडंच मिळतंय की, कारखान्यातून आणलो असतो," भाचा म्हणाला. सूत नको, कापूस हवा, हे त्याला सांगितलं. गोळा कितपत मऊ? कानाची पाळी दाबून बघायची, तितका.

चाऱ्यात जाड पेंड आणि घरातल्या जुन्या कडक भाकरीचा चुरा. सोलापुरात कडक भाकरी काही कमी नसते. शेंगाची चटणी आपण खायची आणि तेल काढून उरलेली पेंड माशाला, अशी ही वाटणी.

५.३०

गाडीवरून तुळजापूर रस्त्याने निघालो. रूपाभवानीचं देऊळ मागे पडलं. कोजागिरी होऊन गेली ते बरं झालं. त्या दिवसांत हा रस्ता तुळजापूरला पायी निघालेल्या लोकांनी भरून जातो, काठी खांद्यावर घेऊन गाडी हाकणं कुणालाच बरं दिसत नाही.

हिप्परग्याचा तलाव, म्हणजे कागदोपत्री एकरुख, शहराच्या उत्तरेला अगदी हाताशी आहे. आदिला नदी अडवून इंग्रजांनी बांधलेला मातीचा बांध १८७१ साली पुरा झाला, म्हणजे १८७६–७७ च्या मोठ्या दुष्काळाच्या आधीच. शेताला पाणी हा तेव्हाचा हेतू. पुढे शहराला पिण्याचं पाणी देणाऱ्या जागांमध्येही त्याची गणना झाली. उजनी, टाकळी आणि हिप्परगा ही तीन नावं सोलापूरकराला नळाच्या वेळापत्रकामुळे पाठच असतात. म्हणून इथे साबण लावून हात धुवायचा नाही, पिशव्या टाकायच्या नाहीत, आणि हे मी कुणाला दोनदा सांगत नाही.

६.१५

अजून पुरतं उजाडलेलं नाही, पण ठेक्याच्या माणसाची शेकोटी दिसते. पहिलं काम त्याच्याकडे.

आपल्याकडे तलावातले मासे बेवारशी नसतात. पाणी सरकारचं असलं तरी मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असतो. संस्था पैसे भरते, दर पावसाळ्यात मत्स्यबीज आणून सोडते, राखण करते. ते बीज आणावं का लागतं, ह्याचं कारण कळलं की तलावाकडे बघायची नजर बदलते. रोहू, कटला आणि मृगळ हे मुख्यतः गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले मासे. त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, साचलेल्या तळ्यात ते वाढतात पण वीण करत नाहीत. पूर्वी नदीतून बीज गोळा करून आणावं लागे आणि त्यात भलतेसलते मासे मिसळलेले असत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्या डोक्यातल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांची वीण बंदिस्त पाण्यात करून दाखवली. तो दिवस आज देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आपल्याकडच्या तलावांत फिरणारा जवळजवळ प्रत्येक कटला आधी जिरे (जिऱ्याएवढं पिल्लू), मग बोटुकली (बोटाएवढं पिल्लू) होऊन, प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून टेम्पोत बसून आलेला असतो.

म्हणजे हे कुणाचं तरी उभं पीक आहे. न विचारता गळ टाकणं आणि दुसऱ्याच्या रानातली कणसं मोडणं ह्यात मला फरक वाटत नाही. शहरातला सिद्धेश्वर तलाव तर देवळाचा, तिथे गळाचा विचारसुद्धा मनात आणू नये.

"काय अण्णा, बसू का आज?"

"बसा की. किती काठ्या?"

"दोनच. पोराला शिकवायचं हाय."

"बसवा. पन मासा न्यायचा असंल तर इथं वजन करूनच न्यायाचा बगा."

ठरलं. अण्णाने भाच्याला वरून खाली न्याहाळलं आणि त्याच्या नव्या बुटांकडे बघून हसला. पाऊण तासाने ते बूट गाळात गेले.

६.४५

जागा निवडणं. नवे लोक सावली आणि गाडी लावायची सोय बघून बसतात. वारा कुठल्या काठाकडे वाहतो ते बघायचं. वाऱ्याने ढकललेलं शेवाळ, किडे, कचरा ज्या काठाला लागतो तिथे माशाचं जेवण आपोआप जमतं. काठाजवळ पाणवनस्पतींचा पट्टा असेल तर त्याच्या बाहेरच्या कडेला, मोकळ्या पाण्यात गळ बसला पाहिजे. पट्ट्याच्या आत टाकला तर मासा लागेल, पण हाती येणार नाही.

आता खोली मोजायची. गळाच्या आकड्यात शिशाचा जड गोळा अडकवून टाकायचा. भेंड, म्हणजे दोऱ्यावर बांधलेली तरंगती खूण, बुडालं तर पाणी जास्त खोल आहे, ते वर सरकवा. भेंड आडवं पडलं तर दोरा जास्त झाला, खाली घ्या. ते उभं राहून फक्त टोक पाण्यावर दिसलं, की गळापासून भेंडापर्यंत जितकी लांबी भरली तितकी पाण्याची खोली. भाच्याला हा खेळ आवडला. पाच-सहा ठिकाणी टाकून बघितल्यावर त्याच्या लक्षात आलं की डावीकडे एकदम हातभर खोल पडतंय. जुन्या ओढ्याचा काठ असावा. मासे अशाच कडेने फिरतात. तिथेच बसायचं ठरलं.

खोलीचं एवढं कौतुक कशासाठी? कटला वरच्या थरात चरतो. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं आणि मिशा नसतात. रोहू मधल्या थरात असतो, त्याच्या ओठांना झालर असते. मृगळ तळाशी गाळ चाळतो, त्याचं तोंड खालच्या अंगाला. तळाशी त्याचा सोबती म्हणजे सायप्रिनस, इंग्रजीतला कॉमन कार्प. मिशांच्या दोन जोड्या, पाठीवर लांबलचक पर आणि त्या पराच्या पुढच्या काट्याला करवतीचे दाते. हा परदेशी पाहुणा. १९३९ मध्ये निलगिरीत आणला, आणि बँकॉककडची दुसरी जात आली ती १९५७ मध्ये, म्हणजे अंगुलच्या प्रयोगाच्याच वर्षी. हा मात्र साचलेल्या पाण्यात, वनस्पतींना अंडी चिकटवून, स्वतःच वीण वाढवतो.

तोंड कुठे आहे ते बघा आणि आमिष तिथे ठेवा. कार्पच्या मासेमारीत माझ्या मते निम्मं शिक्षण एवढंच आहे. बाकी निम्मं म्हणजे बसून राहणं.

७.१५

चाऱ्याचे मुठीएवढे लाडू वळून त्या ओढ्याच्या कडेवर टाकले. लांब नाही, काठीच्या टप्प्यापुढे थोडंच. नव्याने शिकणाऱ्याचा हात शिवशिवतो, त्याला चाळीस फुटांवर फेकायचं असतं. मासा काठाजवळ येतो, काठावर गडबड नसेल तर.

ही गडबडीची गोष्ट नुसती म्हाताऱ्यांची कटकट नाही. कार्प कुळातल्या माशांत पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी असते. पिशवीवर येणारा कंप ती थेट कानाला पोचवते. म्हणून काठावर दगड घसरला, डबा आपटला की ह्या माशांना इतरांपेक्षा लवकर कळतं. बोलणं चालेल, हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही. पाय आपटणं चालणार नाही.

माशाला आधी खाऊ घालायचं आणि मग पकडायचं, ह्या कल्पनेचा उगम आपण उगाच बाहेर शोधतो. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने गेलं की बसवकल्याण लागतं, तेच चालुक्यांचं कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या अभ्यासकांना तो महाराष्ट्रातल्या ओवीच्या उल्लेखासाठी माहीत असतो. त्यातच 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरण आहे, सगळं गळाच्या खेळावर. कोणते मासे, आणि कोणाला काय खाऊ घालायचं, हे राजाने तपशिलात लिहिलंय. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर सविस्तर लेख लिहिला. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचं गळाच्या मासेमारीवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं ते १६५३ मध्ये, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षांनी. आमच्या ह्या शेजारच्या राजाची आठवण मी दर वेळी काढतो, भाचा दर वेळी ऐकल्यासारखं करतो.

८.००

आता काठ्या. आठ-नऊ फुटांची फायबरची साधी काठी, साधं रीळ, सहा-सात किलो वजन पेलणारा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. आकडा लहानच हवा. मासा मोठा म्हणून आकडा मोठा, हा हिशेब इथे लागू नाही, कार्प तोंडात धरून चाखतो आणि टोचलं की थुंकतो. भेंड मोरपिसाच्या दांडीचं. गळून पडलेलं पीस असावं. दांडी वजनाला हलकी, उभी छान राहते आणि माशाचा हलकासा धक्कासुद्धा दाखवते. शिसं थोडं, आकड्यापासून वीतभर वर.

भाच्याने मोबाईल काढून दाखवलं. आकड्याच्या मागे केसाएवढा बारीक दोरा लोंबतोय आणि आमिष त्या दोऱ्याला, आकडा उघडाच. ही इंग्लंडातली युक्ती, लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या दोघांनी १९८० च्या सुमारास काढलेली. मासा आमिष ओढून घेतो, आकडा मागोमाग जातो, थुंकताना ओठात अडकतो. युक्ती अस्सल आहे, मी नाकारत नाही. पण तिला टणक आमिष लागतं, आणि मऊ पेंडीच्या गोळ्याने भागतंय तिथे पहिल्या दिवशी ती शिकवायची मला घाई नाही.

आकड्यावर बोराएवढा गोळा. टोक जेमतेम झाकलेलं. तळापासून आमिष उचललेलं नको म्हणून भेंड खोलीपेक्षा चार बोटं वर.

९.१०

टुक. टुक टुक. टुक. भेंड नाचतंय, भाचा हिसडे मारतोय, आकडा रिकामा येतोय.

चिलापी. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला आणि मग कुणाचं ऐकेना. उजनीत तर जाळ्यात निम्म्याहून जास्त तीच असते असं तिकडचे मच्छीमार सांगतात. ती आमिष कुरतडून नेते. तिला टाळायचं असेल तर गोळा मोठा आणि जरा घट्ट करायचा, आणि भेंड नाचतंय तोवर हात बांधून बसायचं. हे दुसरं फार अवघड. तीन वेळा मी भाच्याचं मनगट धरलं.

"का बे, घाई कशाची? कुठं बस पकडायची हाय?"

१०.३०

थंडीच्या दिवसांत खरं जेवण आता सुरू होतं. रात्रभर पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळसुद्धा प्राणवायू वापरत असतात, पहाटे तो सगळ्यात कमी असतो. ऊन चढलं की त्याच वनस्पती प्राणवायू सोडायला लागतात, उथळ पाणी कोमट होतं आणि मासे चरायला निघतात. पहाटेच यायला हवं असा जो हट्ट असतो तो जागा धरण्यासाठी आणि चारा मुरण्यासाठी. मासा बहुतेक वेळा दहानंतरच येतो.

आणि आला. भेंडाच्या डाव्या अंगाला बुडबुडे. गाळातून सुटणाऱ्या वायूचा बुडबुडा मोठा, एकटा, एका जागेवरून येतो. चरणाऱ्या माशाचे बुडबुडे बारीक, झुपक्याने येतात आणि झुपका पुढे पुढे सरकतो. भाच्याला बोटाने दाखवलं. झुपका सरकत सरकत चाऱ्याच्या जागेवर आला, थांबला. त्याच्याबरोबर पाणी मातकट झालं.

भेंड बुडालं नाही. नुसतं दोन बोटं वर आलं आणि आडवं पडलं.

नवा माणूस इथे चुकतो, कारण तो भेंड बुडण्याची वाट बघत असतो. तळाचा मासा आमिष उचलून डोकं वर करतो, त्याबरोबर शिसंही उचललं जातं आणि भेंडावरचा भार जातो, म्हणून ते वर येतं. "उचल," मी म्हटलं. हिसडा नाही, मनगटाने काठी नुसती मागे घेतली. काठी वाकली आणि रीळ करकरायला लागलं.

पुढची दहा मिनिटं मी फक्त बोललो. काठीचं टोक वर. तो पळतोय तर पळू दे, रिळाची पकड ढिली आहे, दोरा जाईल. थांबला की काठी मागे घे, मग पुढे झुकताना दोरा गुंडाळ. पट्ट्याकडे वळला की काठी आडवी करून उलट्या बाजूला दाब. भाच्याच्या हाताला कापरं भरलं होतं, पण ऐकत होता. हातजाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरली आणि मासा जाळीवर आणला. जाळी घेऊन माशाच्या मागे धावायचं नाही. डोकं आत आलं की उचलायची.

सायप्रिनस. सोनेरी कूस, चारही मिशा हलतायत. हात ओले करून धरला, कोरड्या हाताने अंगावरची बुळबुळ निघते आणि सोडायचा झाला तर तो पुढे आजारी पडतो. भाच्याने ओठाला बोट लावलं. तोंड नळीसारखं पुढे येतं आणि आत दात नाहीत. दात असतात घशात, शंख-शिंपले ते तिथेच भरडतात.

१२.३०

कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, कांदा. अण्णाही येऊन बसला. त्याच्या बोलण्यात पाऊस, बीजाचे भाव आणि रात्री चोरून बारीक आसाची जाळी लावणारे लोक. बोटुकली वाढायच्या आतच खरवडून नेली तर उरणार काय, हा त्याचा प्रश्न, आणि तो मलाच विचारत होता.

२.००

काही नाही. ऊन. पाणकावळे दगडावर पंख पसरून बसलेत. भाचा झोपला, मी चारा मळून ठेवला.

४.३०

तासाभरापूर्वी पुन्हा चार लाडू टाकले होते. भाच्याच्या एका काठीचं आमिष तळापासून दीड हात वर ठेवलं, रोहूसाठी. ह्या वेळी भेंड एका बाजूला चालत गेलं आणि सावकाश खाली निघालं. त्याने बरोबर उचललं. मासा जड होता. पाण्यावर एकदा तांबूस पर दिसला, मग तो सरळ पट्ट्यात घुसला आणि तंगूस देठांत गुंतून तुटला. भाचा मटकन खाली बसला. असं होतं. रोहू पट्ट्याकडे निघाल्याबरोबर अडवायला हवा, आणि ते ओळखायला एकदा तरी असा मासा जावा लागतो.

६.००

अंधार पडायच्या आत आवराआवर. काठावर पडलेला तंगूसचा प्रत्येक तुकडा उचलून, कात्रीने बारीक करून डब्यात. तो कुजत नाही, आणि पाणकावळ्याच्या पायात एकदा गुंतला की पक्षी मरतो. उरलेली पेंड पाण्यात फेकून द्यायची नाही, आंबून पाणी बिघडतं.

अण्णाने ताणकाट्यावर सायप्रिनस तोलला, पैसे घेतले, वहीत लिहिलं. "पावसाळ्यात येऊ नगंसा," भाच्याला म्हणाला. जून ते ऑगस्ट माशांच्या विणीचे दिवस, पोटात अंडी असतात.

८.००

मामीने, म्हणजे आमच्या सौ.ने, मासा बघून नाक मुरडलं. सायप्रिनसला गाळाचा वास असतो हे खरंच. मीठ-हळद चोळून धुतला, ताकात ठेवला, मग तुकडे. कार्पच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभंगलेले बारीक काटे असतात, ते काढून संपत नाहीत. म्हणून तुकड्यांना अगदी जवळजवळ सुरीने चिरा द्यायच्या आणि रव्यात घोळवून कडकडीत तळायचं, म्हणजे काटे कुरकुरीत होऊन चावले जातात.

भाचा तिसऱ्या तुकड्यावर होता तेव्हा मामी म्हणाली, "पुढच्या वेळी कटला आणा बाई. त्याचे काटे निदान हाताला लागतात."

त्याने तुकडा खाली ठेवला. "मामा, कटला वर खातंय म्हणला ना तुम्ही? मग भेंड किती खाली घ्यायचं?"

"गळापासून हात-दीड हातावर बांध. आणि पेंड जरा आणखी बारीक चाळ, पाण्यात वरच तरंगत ऱ्हायली पायजे."